आधी पान उलटून पाहा
उन्हाळ्यात डब्या-कुंड्यांतल्या भाज्यांवर येणारी कीड, रोग आणि त्यापायी घरात येणारे विष



आरोग्याच्या पानावर झाडांच्या किडीची चर्चा कशासाठी, असे काही जणांना वाटेल. कारण साधे आहे. झाडावर कीड दिसली की घरात बाटली येते. गावाकडे कापसावर फवारून उरलेले औषध कुणीतरी येताना पिशवीत घालून आणतो. कधी दुकानदार शीतपेयाच्या जुन्या बाटलीत सुटे औषध ओतून देतो, त्यावर ना नाव ना तारीख. काही घरांत झुरळांसाठी आणलेला फवाराच भेंडीवर मारला जातो. दहा बाय दहाच्या खोलीत अशा बाटलीला वेगळी जागा कुठून आणणार? ती मोरीच्या कट्ट्यावर नाहीतर गोडेतेलाच्या शेजारी उभी राहते. आणि फवारलेली भेंडी तिसऱ्या दिवशी लेकराच्या डब्यात जाते.

मुळात ‘औषध’ हा शब्दच फसवा आहे. मोठी माणसे त्याला औषध म्हणतात, म्हणून लहान मुलालाही ते औषधच वाटते. या लेखात आपण त्याला विष म्हणू.

एकरभर कपाशीचे गणित वेगळे. आपल्या दारापुढे तेलाच्या डब्यात, रंगाच्या बादलीत, मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत मिळून आठ-दहा झाडे असतात. त्यांचे प्रत्येक पान हातात धरून पाहता येते, ही सोय शेतकऱ्याला नाही. एवढ्या झाडांसाठी विष आणण्याची वेळ येत नाही. फक्त झाडाला काय झाले आहे ते ओळखता आले पाहिजे.

पानाच्या पाठीवर

उन्हाळ्यातली बरीचशी कीड रस शोषणारी असते आणि ती पानाच्या खालच्या बाजूला राहते. वरून पाहणाऱ्याला पान पिवळे पडलेले तेवढे दिसते. तो म्हणतो, पाणी कमी पडले, आणि आणखी दोन तांबे ओततो. म्हणून पहिला नियम: सकाळी पाणी घालताना रोज दोन-तीन पाने उलटी करून पाहा. डोळे अधू असतील तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाला हे काम द्या, त्याला ते आवडते.

उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा त्रास लाल कोळ्याचा. जाळे विणून माशा पकडणारा घरातला कोळी वेगळा. तो झाडावर दिसला तर राहू द्या, तो आपल्या कामाचा आहे. लाल कोळी इतका बारीक की धुळीचा कण वाटावा. भेंडी, वांगी, चवळी, पपई, गुलाब यांवर तो हमखास येतो. पानाच्या वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे असंख्य फिके ठिपके पडतात, मग पान तांबूस, मळकट होते, आणि खाली बारीक जाळी दिसू लागते. खात्री करायची असेल तर पांढऱ्या कागदावर पान झटका. धूळ चालू लागली तर तो कोळी समजा.

याला कोरडी, तापलेली हवा लागते. पत्र्याच्या छपराखाली, कोब्याच्या अंगणात त्याला हवे तसे घर मिळते. कडक उन्हात त्याची एक पिढी साधारण आठवडाभरात तयार होते, त्यामुळे एकदा धुऊन भागत नाही. पानाच्या खालच्या बाजूने पाण्याची जोरदार धार मारा. नळाला पाइप नसेल तर बाटलीच्या झाकणाला भोके पाडून बाटली दाबा. असे दर दोन-तीन दिवसांनी, दोन आठवडे करा. फार खराब झालेली खालची पाने तोडून टाका. झुरळांचा फवारा मारला तर उलट कोळी वाढतो, कारण त्या फवाऱ्याने कोळ्याला खाणारे किडे आधी मरतात. गंधकाची भुकटी कोळ्यावर चालते हे खरे, पण पारा पस्तिशीच्या पुढे गेला की गंधकाने पानेच भाजतात. दुधी, काकडीच्या वेलांना तर त्याचे जास्तच वावडे. एप्रिल-मे मध्ये ती डोक्यातून काढून टाका.

दुसरा पाहुणा पिठ्या ढेकूण. जास्वंद, पपई, वांगे, टोमॅटो यांच्या पेरांत कापसाचे बोळे चिकटल्यासारखे दिसतात. त्याच्या अंगातून गोड चिकटा गळतो. तो खायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात मुंग्या त्याची राखण करतात, त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर ती जिथे जाते तिथे पाहा, ढेकूण तिथेच सापडेल. जुना दात घासायचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून ते बोळे घासून काढायचे. एक लिटर पाण्यात भांड्यांच्या पातळ साबणाचा एक छोटा चमचा पुरे. कपड्यांची पावडर घेऊ नका, तिच्यातल्या सोड्याने पाने जळतात. आधी एका पानावर लावून एक दिवस वाट पाहा. पान ठीक राहिले तर बाकीच्या झाडाला संध्याकाळी फवारा आणि सकाळी साध्या पाण्याने धुवा. दुपारी कधीच नाही.

पपईवरचा ढेकूण विषाला कसा पुरून उरला, ते सांगण्यासारखे आहे. परदेशातून आलेली त्याची एक जात २००८ मध्ये कोइमतूरला सापडली आणि पुढे महाराष्ट्रातल्या बागांतही पसरली. शेतकऱ्यांनी फवारण्या करून पाहिल्या, पण तो हटेना. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून एक बारीकशी परोपजीवी माशी आणली गेली. ती ढेकणाच्या अंगातच अंडी घालते. तिने जे केले ते विषाने झाले नव्हते. आपल्या दारातल्या पपईवरही अशा माश्या येतात, आपण विष मारले नाही तर.

मावा हा खरा थंडीतला, पण चवळीच्या कोवळ्या शेंगांवर काळा मावा उन्हाळ्यातही बसतो. बोटांनी पुसून काढा, पाण्याने धुवा. माव्याच्या चिकट्यावर पुढे काळी बुरशी येते. ती काजळीसारखी ओल्या फडक्याने पुसली जाते, तिला वेगळा उपाय लागत नाही. माव्यात फिरणारा काळा, काटेरी, इवल्या मगरीसारखा किडा दिसला तर त्याला मारू नका. तो ठिपक्यांच्या लाल ढालकिड्याचे पिल्लू आहे आणि मावा हेच त्याचे जेवण आहे.

पंचशील घेतलेल्या घरात आजी हमखास विचारते, किडे मारायचे का? आजीला सांगावे, निम्मे किडे तर आपले मदतनीस आहेत आणि उरलेले बहुतेक पाण्याने खाली पडतात. कढीपत्त्याची पाने कुरतडणारी, आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मग हिरवी होणारी अळी पुढे सुंदर फुलपाखरू होते. झाड मोठे असेल तर एक फांदी तिच्यासाठी सोडायला हरकत नाही. पोरांना शाळेच्या पुस्तकातले चित्र दारात पाहायला मिळेल.

जे झाड बरे होत नाही

भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या, जाळीसारख्या उठून दिसू लागल्या, तर तो विषाणूचा रोग. काही शेतकरी त्याला हळद्या म्हणतात, काही केवडा. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. झाड हलवले की पिठासारखी भुरकन उडते, तीच ही माशी. या रोगाला झाड बरे करणारा उपाय नाही. खत घाला, विष मारा, पान हिरवे होत नाही. झाड उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात द्यायचे, म्हणजे शेजारची झाडे वाचतात. मन होत नाही हे खरे. महिनाभर हातांनी पाणी घातलेले असते. पण पाच भेंड्यांतली एक लवकर काढली तर चार हाती लागतात. पिवळ्या पुठ्ठ्याला प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर एरंडेल चोळून झाडांत टांगले की माश्या त्याला चिकटतात. त्याने माशी संपत नाही, पण आली आहे हे लवकर कळते.

अशा झाडाची भेंडी खाल्ली तर आपल्याला रोग होईल का, हे बायका फार विचारतात. होत नाही. झाडाचे विषाणू माणसाला लागत नाहीत. भेंडी फिकट आणि निबर लागेल, एवढेच.

मिरचीचा बोकड्या म्हणजे चुरडा-मुरडा हा एकच रोग समजला जातो, पण त्याची कारणे तीन. पाने होडीसारखी वर वळली तर फुलकिडे. खाली वळून पान लांबट झाले तर कोळी. पाने बारीक होऊन झाड खुजे, झुडपासारखे झाले आणि फूल धरेना, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पहिल्या दोन्हींत पाणी, साबण, निंबोळीचा अर्क उपयोगी पडतो. तिसऱ्यात झाड काढावे लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तंबाखू मळलेल्या किंवा मिश्री लावलेल्या हाताने टोमॅटो-मिरचीच्या रोपांना हात लावू नये. तंबाखूतला मोझॅक रोगाचा विषाणू हाताने रोपाला लागतो. साबणाने हात धुऊन मगच रोप लावा. तंबाखू उकळून त्याचे पाणी फवारण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. तो ऐकू नका. निकोटिन हे जालीम विष आहे आणि ते कातडीतूनही अंगात जाते.

टोमॅटो, वांगे किंवा मिरचीचे हिरवेगार झाड एक-दोन दिवसांत अचानक माना टाकते, तेव्हा खोड बुडाशी कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभे धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी धार पाण्यात उतरू लागली तर तो जिवाणूचा मर रोग. झाड फेका. त्या मातीत वर्ष-दोन वर्षे या तिन्हींपैकी काही लावू नका, पालेभाजी लावा.

काही त्रास दिसायला भयंकर पण करायला किरकोळ असतात. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. ते पान तोडले की झाले. भेंडीच्या किंवा दुधीच्या पानावर पांढरी भुकटी म्हणजे भुरी. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी फवारले तर ती आटोक्यात येते, पण दूध लेकरांना द्यावे आणि भुरीची पाने कात्रीने कापावीत, असे माझे मत आहे.

रोग नसलेले रोग

दुपारी दुधीच्या वेलाची पाने लोंबतात. संध्याकाळी पुन्हा उभी राहिली तर वेलाला काही झालेले नाही, तो उन्हात पाणी वाचवत होता. पाने सकाळीही लोंबलेली असतील तर मातीत बोट घाला. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर मुळे कुजली आहेत, डब्याच्या बुडाला भोके नाहीत. आपल्याकडे झाडे पाण्यावाचून जितकी मरतात तितकीच जास्त पाण्याने मरतात.

टोमॅटोचे बूड काळे, चामड्यासारखे होते, तेव्हा लोक विष आणायला धावतात. तिथे कीड नसते. पाणी कधी दोन दिवस नाही, कधी एकदम बादलीभर, असे झाले की फळाला चुना नीट पोचत नाही. थोडे पण रोज पाणी मिळाले की पुढची फळे चांगली येतात. फळाच्या उन्हाकडच्या बाजूला पांढरा, कागदासारखा डाग म्हणजे ऊन लागले. फार उष्ण दिवसांत टोमॅटोची, मिरचीची फुले गळतात, तीही उकाड्याने. या सगळ्यावर एकच इलाज, झाड थंड ठेवणे. दुपारी बारा ते चार जुन्या सुती साडीची सावली करा. पत्र्याच्या डब्याला गोणपाट गुंडाळा, खाली दोन विटा ठेवा. मातीवर वाळलेला पाला किंवा नारळाची शेंडी पसरा.

पाणी विकत घ्यावे लागते तिथे झाडाला काय घालायचे? तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी उत्तम. कपड्यांच्या साबणाचे पाणी नको. गटाराचे पाणी तर पालेभाजीला मुळीच नको, त्यातून जंतांची अंडी आणि जुलाबाचे जंतू पानांबरोबर पोटात जातात. झाडांसाठी भरून ठेवलेला ड्रम आणि कुंडीखालची थाळी यांत डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ते रिकामे करून कोरडे करा. नुसते ओतून चालत नाही, कडा घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने जगतात.

वेलाच्या फळांबद्दल दोन गोष्टी. कारली, दोडके वाकडे होऊन एका जागी मऊ पडले आणि आत पांढऱ्या अळ्या निघाल्या तर ती फळमाशी. फळ बोटाएवढे असतानाच त्यावर कागदाची पिशवी बांधा. सडलेले फळ झाडाखाली टाकू नका, अळी मातीत जाऊन नवी माशी होते. ते पिशवीत घट्ट बांधून दिवसभर उन्हात ठेवा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उन्हाचा आणि पाण्याचा ताण बसलेला दुधी कधी कधी कडू निघतो. चिरताना इवलासा तुकडा जिभेवर ठेवून पाहा आणि कडू लागला तर थुंकून सगळा दुधी फेका. मीठ-साखर घालून कडूपणा झाकू नका, भाजी करू नका, रस तर अजिबात पिऊ नका. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत.

बाटली घरात असेलच तर

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ते मोकळ्या रानात होते. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात एका गावच्या शाळेतले जेवण खाऊन २३ मुले गेली. ज्या तेलात ते जेवण शिजले त्यात मोनोक्रोटोफॉस सापडले. भाजीपाल्यावर वापरायला ज्याला बंदी आहे, तेच हे विष. ते झाडाच्या रसात मिसळते, त्यामुळे भाजी कितीही धुतली तरी जात नाही.

विषाच्या डब्यावर एक चौकोन असतो, त्यात रंगीत त्रिकोण. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. घरात लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेली बाटली असेल तर ती खोलीतून आजच बाहेर गेली पाहिजे. मोरीत ओतू नका. झाकण घट्ट करून, जिने आणली त्या व्यक्तीकडे किंवा दुकानात परत द्या. रिकाम्या डब्यात तेल, रॉकेल, पाणी काहीही भरू नका. त्याला भोक पाडा म्हणजे दुसराही कुणी भरणार नाही.

विष अंगावर सांडले, नाकातोंडात गेले किंवा पोटात गेले तर लाळ आणि घाम सुटतो, उलटी होते, डोळ्यांपुढे अंधुक दिसते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंगाला बारीक झटके येतात, श्वास घ्यायला त्रास होतो. विषाने भिजलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तूप पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर घेऊन सरकारी दवाखाना गाठा. बाटली पाहिली की डॉक्टरांचा वेळ वाचतो. भीतीने बाटली लपवू नका, दवाखान्यात कोणी काय म्हणेल याचा विचार करू नका.

निंबोळीचा अर्क

पाणी आणि साबणाने भागले नाही तर हा शेवटचा उपाय. कडुनिंबाच्या निंबोळ्या आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी पिकून पडतात. वस्तीत किंवा विहाराच्या आवारात झाड असेल तर जून-जुलैमध्ये गोळा करा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा. पुढच्या उन्हाळ्याची सोय झाली. वापरताना ५० ग्रॅम बियांची पूड फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी पाण्यातच पिळा, पाणी गाळा, साबणाचे थेंब टाका आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. अर्क त्याच दिवशी संपवा. याने किडा लगेच मरत नाही, त्याचे खाणे आणि वाढ थांबते, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारावे लागते. भाजी तोडल्यावर नीट धुवा, नाहीतर कडू लागते.

या वर्षी बिया नसतील तर बाजारातले निंबाचे तेल एका लिटरला छोटा चमचाभर, साबणात फेटून वापरता येते. ती बाटलीही मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. निंबाचे तेल ‘गावठी औषध’ म्हणून तान्ह्या बाळाला पाजले जाते आणि त्याने बाळाला झटके येऊन मेंदूला इजा होऊ शकते. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा: झाडासाठी, पोटात घेऊ नये.